केशरबाईच्या संदुकीचं वय

जाफराबादच्या बसस्टँडला वळसा घालून भोकरदनच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला पत्र्याचं एक शेड लागतं. शेडवर पाटी नाही. निम्म्या तालुक्याच्या पाट्या रंगवणाऱ्या माणसानं स्वतःची पाटी का लिहिली नाही, असं विचारलं तर भुजंग पेंटर म्हणतो, "ज्याला काम हाय त्याला शेड सापडतंय. ज्याला न्हाई सापडत, त्याला काम न्हाई." असली उत्तरं त्याच्याकडे पोत्यानं पडलेली आहेत. ती ऐकून घ्यायची तयारी असेल त्यानंच त्याच्याकडे गाडी न्यावी.

भुजंगचं वय साठीच्या आसपास. अंगानं काटकुळा, भुवयांवर कायम रंगाची धूळ. जालन्याच्या एका गॅरेजात त्यानं अकरा वर्षं उस्तादाच्या हाताखाली नुसतं घासकाम केलं. उस्तादानं पिचकारी हातात दिली ती बाराव्या वर्षी. म्हणून की काय, रंग मारणं त्याच्या लेखी हलकं काम. "रंग कोणीबी मारतंय," तो म्हणतो, "घासायला अक्कल लागते." काळी-पिवळी जीप असो, ट्रॅक्टर असो की पाण्याचा टँकर, हात लावण्याआधी तो एक चवली पाडतो. चवली म्हणजे त्याचा खास शब्द. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून एका जागी गोल गोल घासायचं, मधोमध पत्रा उघडा पडेपर्यंत. मग त्या पत्र्याभोवती आजवर मारलेल्या सगळ्या रंगांची कडी दिसू लागतात, एकाबाहेर एक. ती कडी बघून भुजंग गाडीची कुंडली सांगतो. कितीदा रंगवली, कुठं ठोकली, कोणत्या बाजूला उलटली, सगळं. नवीकोरी म्हणून कोणी जुना ट्रॅक्टर घेऊन आला आणि भुजंगनं त्याच्या बोनेटवर चवली पाडली, की विकणारा तिथं थांबत नाही.

उषाबाई, म्हणजे त्याची बायको, म्हणते की ह्या माणसाला लोकांची भांडणं लावण्यातच आनंद आहे. ते खरं नाही. त्याला आनंद आहे तो जिंकण्यात. रंग खोटं बोलत नाही, हा त्याचा एकुलता एक देव, आणि त्या देवाचा पुजारी आपण, अशी त्याची समजूत.

गेल्या माघात एका सकाळी रामप्रसादची काळी-पिवळी शेडपुढं येऊन थांबली. रामप्रसाद पिंपळगाव रेणुकाईकडच्या सीटा वाहतो. त्या दिवशी सीटा नव्हत्या. मागच्या बाकड्यावर त्याची आई केशरबाई बसली होती आणि तिच्या पायाशी, दोरीनं आवळलेली, एक लाकडी संदूक होती. चांगली माणूसभर लांब, गुडघ्याएवढी उंच, वर झाकण. केशरबाईचा एक हात सगळ्या रस्त्यानं त्या झाकणावर होता.

"काका, घासून चॉकलेटी मारून द्या," रामप्रसाद म्हणाला. "सोमवारी आजीचं वर्षश्राद्ध हाय. हिच्यावर आजीचा फोटू ठेवायचाय. जल्दी पाहिजे."

तिघांनी मिळून संदूक खाली घेतली. भुजंगनं तिच्याभोवती एक फेरी मारली. रंग म्हणजे नुसता थरावर थर. कोपऱ्यांना तर भाकरीला सुटावेत तसे पापुद्रे आलेले. एक बाजू दुसरीपेक्षा बोटभर लांब. त्यानं गुण्या काढून कोपऱ्याला लावून पाहिला. चारांतला एक कोपरा काटकोनात असेल तर शपथ.

"कोन्या आंधळ्यानं केली हो ही?" भुजंग हसत म्हणाला.

"माझ्या बापानं," केशरबाई म्हणाली.

भुजंगनं गुण्या खाली ठेवला. रामप्रसाद त्याच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "आजी तसं सांगायची. आईचे काका, आबाअज्जा, म्हणतेत, बाजारातली हाय."

"मोठ्यानं बोल," केशरबाई म्हणाली. "पेंटरला कळू दे. नाहीतरी सगळ्या गावाला ठाऊक हाय."

मग तिनं सांगितलं ते असं. तिचं घराणं मूळचं मेंढरांमागं फिरणारं. आजोबांनी पिंपळगावच्या शिवारात थोडी जमीन धरली, तरी कळप होताच. बाहत्तरच्या दुष्काळात, दिवाळी झाल्यावर, तिचा बाप रखमाजी कळप घेऊन चाऱ्याच्या शोधात गंगेकडं, म्हणजे गोदावरीकडं, गेला तो परत आलाच नाही. माणूस नाही, मेंढरू नाही, निरोप नाही. पुढच्या फाल्गुनात केशरबाई जन्मली. तिची आई चतुराबाई मरेपर्यंत एकच सांगत राहिली: तुझ्या बापानं जायच्या आधी ही संदूक स्वतःच्या हातानं केली, तुझ्यासाठी, तुझी कापडं ठेवायला. तो यायचा होता, काहीतरी झालं म्हणून आला नाही. आणि बापाचा धाकटा भाऊ आबाराव, ज्यानं पुढं औत धरलं, ह्या मायलेकींना पोसलं, केशरबाईचं लग्न लावून भारत नावाचा घरजावई आणला, तो सांगायचा अगदी उलट. दुष्काळाला भिऊन रखमा पळाला. तू पोटात आहेस हे त्याला ठाऊकही नव्हतं. आणि संदूक कसली तो करतोय, मी एकोणऐंशी साली भोकरदनच्या बाजारातून आणली.

"आता आबाकाका बदनापूरला लेकाकडं असतेत," केशरबाई म्हणाली. "काल फोन केल्ता. म्हणले, सोमवारी पाणी सोडताना वहिनीचं एकटीचंच नाव घ्यायचं. जो टाकून गेला त्याचं न्हाई घ्यायचं."

तिनं झाकणावरून हात फिरवला. मग म्हणाली, "आईनं जलमभर कुंकू पुसलं न्हाई. आता ती बी गेली. मी कोणाचं खरं धरू? काका खोटं बोलायचं माणूस न्हाई. तुम्ही म्हणं गाडीचं वय सांगता. मंग हिचं सांगा. एकोणऐंशीची असली, तर मी बी बापाचं नाव घेणार न्हाई. बिलकुल न्हाई."

खरं तर भुजंगनं इथंच हात जोडायला हवे होते. लाकडाचं त्याला काही कळत नव्हतं. पण कोणी वय विचारलं आणि भुजंग नाही म्हणाला, असं अजून झालेलं नाही. त्यानं फक्त एवढं विचारलं, "एवढा रंग कोणी मारलाय हिला?"

"आईनं. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला रंग आई हिला मारायची. दरसाल. म्हणायची, वाया कशाला घालायचा, किडा बी लागत न्हाई."

हे ऐकलं आणि भुजंगचे डोळे चमकले. दर पोळ्याला एक हात! म्हणजे रंग मोजला की वर्षं मोजली. आजवर त्यानं गाड्यांवर चार कडी पाहिली होती, फार तर सात. त्यानं बादलीत पाणी घेतलं, पेपर भिजवला, संदुकीच्या मागच्या अंगाला जागा निवडली आणि मांडी घालून बसला.

चवलीनं काम भागणार नव्हतं. थर इतके होते की ते नीट वेगळे दिसायला उतार फार हळू द्यावा लागणार होता. दीड तासात चवलीची वाटी झाली, वाटीची ताटली. वर लाल, खाली निळा, मग हिरवा, पिवळा, पुन्हा लाल, एका वर्षी चक्क चांदीचा. त्या साली बाजारात दुसरा रंग मिळाला नसेल, नाहीतर चतुराबाईला हौस आली असेल. मध्ये मध्ये भुजंगचा हातच थांबायचा. एक बाई वर्षानुवर्षं दर श्रावणाच्या शेवटी कुंचला घेऊन ह्या लाकडापुढं बसली, आणि ते सगळे दिवस इथं एकावर एक ठेवलेले आहेत, हे त्याला दिसत होतं. एवढ्या आयुष्यात त्याला रंगाचं असं भय वाटलं नव्हतं. भय म्हणजे भीती नव्हे, देवळात गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो ते.

शेवटी तळाशी लाकूड दिसलं. भुजंगनं चष्मा पुसला, खिळ्याचं टोक एकेका कड्यावर टेकवत मोजलं. पुन्हा मोजलं. रामप्रसादला मोजायला लावलं. सेहेचाळीस.

"शेवटचा हात कधी मारला?"

"गेल्याच्या आदल्या पोळ्याला, चोवीस साली. गेल्या पोळ्याला सुतक होतं, आई गेल्ती ना माघात."

भुजंगनं मनाशी हिशोब केला. चोवीस सालापासून मागं, सेहेचाळीस पोळे. पहिला येत होता एकोणऐंशी सालचा. आबारावाचा शब्द बरोबर, अगदी सालासकट.

चाळीस वर्षं जिंकत आलेल्या माणसाला त्या दिवशी पहिल्यांदा जिंकल्याचं वाईट वाटलं. पण रंग खोटं बोलत नाही, मग त्याच्या पुजाऱ्यानं तरी कसं बोलावं? "एकोणऐंशी," तो म्हणाला.

केशरबाई रडली नाही. "बरं झालं," म्हणाली, "एकदाचं कळलं." पदरानं तोंड पुसून ती उठली आणि जीपकडं चालू लागली. "मारून टाका चॉकलेटी."

भुजंग पेपर हातात धरून तसाच बसला. नजर कड्यांवरून हलेना. आणि तेव्हा त्याला ते दिसलं. बहुतेक कड्यांच्या मध्ये केसाएवढी बारीक काळी रेघ होती. ती चुलीच्या धुराची; वर्षभरात बसते तेवढी. पण काही ठिकाणी ती रेघ जाड होती. दुप्पट जाड. भुजंगनं कपाळावर हात मारून घेतला.

"ताई! थांबा! अहो, मीच गाढव!"

केशरबाई वळली.

"सुतक होतं म्हणून गेल्या साली रंग न्हाई मारला, म्हणलात ना? मंग असं आधी बी झालं असंल. घरात माणूस गेलं तर त्या साली सण न्हाई, शिंगं रंगवायची न्हाईत, संदूक बी न्हाई. ही वर्षं नव्हत, ताई. हे पोळे हायेत. मी पोळे मोजले अन् वर्षं समजलो!"

ही चूक पुण्या-मुंबईच्या कुणाही जाणत्यानं सुखानं केली असती. पण भुजंगच्या स्वतःच्या घरी बाप वारला त्या साली बैल बोडक्या शिंगांनी उभे होते, आणि त्याला हे आठवू नये? तो स्वतःवर इतका चिडला की त्यानं बादलीलाच लाथ घातली.

केशरबाई परत येऊन खाली बसली. भुजंग वरून पहिल्या जाड रेघेवर खिळा ठेवायचा आणि ती आठवायची.

"ही? दोन थर खाली?"

"लम्पीच्या साली. गावात पोळाच भरला न्हाई."

"ही?"

"ते बैलच इकले होते त्या साली. पाणी कुठं होतं?"

पुढची रेघ आली तेव्हा ती थांबली. "हे आमचे गेले त्या साली," ती म्हणाली. रामप्रसादनं मान खाली घातली, कारण बाप गेला तेव्हा तो नववीत होता. मग एका साली चतुराबाई पोळ्याच्या दिवसांत जालन्याला दवाखान्यात होती. मग केशरबाईचे आजोबा गेले ते साल. सगळ्यात खालची जाड रेघ केशरबाईला स्वतःला आठवणं शक्य नव्हतं, पण आजी साळूबाई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती, हे तिला आईनं सांगितलं होतं. भुजंगनं थर मोजले. बरोबर जुळलं. तिची आठवण आणि खिळ्याचं टोक एकाच जागी येऊन टेकत होतं.

सहा रेघा, सहा वर्षं. सेहेचाळीस अधिक सहा, बावन्न. पहिला पोळा त्र्याहत्तरचा.

"त्र्याहत्तर," केशरबाई म्हणाली. "दुष्काळ सरला त्या सालचा पोळा. म्हंजे तवा ती घरात होती. पण बाप तर बाहत्तरलाच गेला. आबाकाकानं एकोणऐंशीला न्हाई, त्र्याहत्तरला आणली असं बी असंल की."

भुजंगला त्या बाईचा हेवा वाटला. स्वतःच्या बापाच्या बाजूनं लागत आलेला निकालसुद्धा ती घासून पाहत होती. उस्तादाच्या गॅरेजात ती चालली असती.

"थांबा," तो म्हणाला. त्र्याहत्तरच्या निळ्या थराखाली आणखी काहीतरी होतं. आधी त्याला ते लाकडाचा रंगच वाटलं होतं, म्हणून त्यानं ते मोजलं नव्हतं. त्यानं ओलं बोट फिरवलं. बोटाला तांबूस लागलं. वास घेतला.

"गेरू. जवसाच्या तेलात कालवलेला. हा पोळ्याचा रंग न्हाई, हा आधीचा हाय. बाजारातल्या संदुकीला कोणी गेरू न्हाई मारत. अन् हे काय?"

गेरूत केस अडकले होते. कुंचला हलका असला की केस सोडतो, ते भुजंगला नवं नव्हतं. पण कुंचल्याचा केस ताठ आणि आखूड. हे लांब होते, वळलेले. तो सरकत सरकत कोपऱ्याच्या फटीशी गेला, वरचे पापुद्रे सुरीनं अलगद उचलले आणि फटीत टाचणी घातली. लाकडाच्या कुसळाला अडकून राहिलेला चिमूटभर पुंजका बाहेर आला. वरून गेरूनं कडक, आतून कोरडा, काळा.

"लोकर हाय," भुजंग म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "त्याच्याकडं कुंचला नव्हता, ताई. त्यानं लोकरीचा बोळा करून रंग दिलाय. हे काम मेंढरंवाल्याचं हाय. सुताराचं न्हाई, बाजारातलं न्हाई."

इथं भुजंगची विद्या संपली. त्यानं पुंजका केशरबाईच्या तळहातावर ठेवला. ज्या चतुराबाईनं सेहेचाळीस वेळा त्यावर रंगाचा हात फिरवला, तिनंच तो हवेपासून, कसरीपासून राखला होता. मुद्दाम की नकळत, हे विचारायला ती आता नव्हती.

केशरबाईनं पुंजक्याचं कडक टोक मोडलं. आतले केस अंगठा आणि बोटात धरून चोळले. मग गालाला लावले. रामप्रसाद घाबरून "आई, आई" करू लागला.

"ही मेंढीची लोकर न्हाई," ती म्हणाली. "हे जावळ हाय. कोकराचं पैल्यांदा कातरलेलं. बघा किती मऊ हाय."

"मंग?"

"आमच्या घरात जावळ इकत न्हाईत. कशाला वापरत न्हाईत. घरात पैलं लेकरू यायचं असलं तरच कातरायचं, त्याच्या घोंगडीसाठी. अन् ते बापानंच कातरायचं असतंय. दुसऱ्यानं कात्री लावायची न्हाई." तिनं मूठ मिटली. "त्यातलंच उरलेलं त्यानं रंगाला घेतलं. त्याला ठाऊक होतं, पेंटर. मी येणार हे त्याला ठाऊक होतं."

भुजंगनं नकळत पायातली चप्पल काढली होती. ती कधी काढली ते त्याला आजही सांगता येत नाही.

केशरबाईनं रामप्रसादला फोन लावायला सांगितला. त्यानं मोबाइल संदुकीच्या झाकणावर ठेवला, आवाज मोठा केला. पलीकडून आबारावाचं खोकणं ऐकू आलं, मग "कोण? केशर का?"

"काका, संदुकीला जावळ निघालं."

फोन कटला की काय म्हणून रामप्रसादनं वाकून पाहिलं. कटला नव्हता.

"कोकरू मी धरल्तं," शेवटी आबाराव म्हणाला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा आवाज, पण एकदम पोरासारखा झालेला. "लई वळवळ करून राह्यलं होतं. दादा म्हणला, हळू धर आबा, माझ्या लेकराचं हाय."

"मंग मला न्हाई का सांगितलं?"

"काय सांगू, बाई? ठाऊक असून गेला म्हणलं असतं, तर तू जलमभर त्याला शिव्या दिल्या असत्या. ठाऊक नव्हतं म्हणलं की निदान तुझं मन तरी दुखणार न्हाई. अन् संदूक पाहिली की जो तो विचारायचा, रखमानं केली का, कुठं हाय रखमा. म्हणून बाजारातली म्हणलो. राग बी होता. मला अठराव्या वरसाला औताला जुंपून गेला तो. आजवर वाट पाहून राह्यलो त्याची, अन् राग बी करून राह्यलो."

केशरबाईनं मोबाइल उचलून तोंडाजवळ धरला. मूठ अजून मिटलेलीच होती.

"काका, जो परत येणार न्हाई, तो लेकरासाठी जावळ कातरून ठेवत न्हाई. तो पळाला न्हाई. तो यायला निघाला असंल, अन् वाटंत कुठंतरी मेला असंल. पन्नास वरसं झाली त्याला मरून, अन् आपण त्याला अजून पाणी बी दिलं न्हाई."

फोनमधून पुन्हा खोकणं ऐकू आलं.

"सोमवारी सकाळच्या गाडीनं येतो मी," आबाराव म्हणाला. "वहिनीचं नाव तू घे. दादाचं मी घेतो."